वीस टक्के कुणाचे?

उत्साही : रत्नागिरीत नाचणे रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, किंमत 30 लाख. घेणारी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. नोकरी कायम, पगार ठरलेला. तिला आपल्याकडचं प्रत्येक वडीलधारं माणूस एकच सांगतं : आधी किमतीचे वीस टक्के, म्हणजे सहा लाख, गाठीला बांध, मग बँकेची पायरी चढ. सहा लाख जमायला तिला तीन-चार वर्षं लागतील. महिना आठ हजार भाडं धरा, तीन वर्षांत 2 लाख 88 हजार घरमालकाला गेले. तोवर फ्लॅटची किंमत काही तिची वाट बघत थांबणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे स्वतःचे तीन लाख पुरतात. नियमाची हरकत नाही, नोकरी पक्की आहे, मग तिला अडवायचं कशासाठी?

सावध : 90 टक्के ही कमाल मर्यादा आहे. एवढं दिलंच पाहिजे असं बँकेवर बंधन नाही, आणि घेतलंच पाहिजे असं तिच्यावरही नाही. पण त्याआधी तुमचे तीन लाखच तपासू. 2012 पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की कर्जाचं प्रमाण काढताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च घराच्या किमतीत धरायचा नाही. पुढे 2015 मध्ये सूट दिली ती 10 लाखांपर्यंतच्या घरांना, आणि रत्नागिरी शहरात त्या किमतीला आता काय मिळतं हे तुम्हीच सांगा. तेव्हा हिशेब असा : तीन लाख बिल्डरला. मुद्रांक शुल्क पाच-सहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे दीड लाखाच्या पुढे. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे, ती तिला मिळेल. नोंदणी फी एक टक्का, 30 हजार. इमारत पूर्ण झालेली नसेल तर जीएसटी. 45 लाखांच्या आतल्या लहान घराला एक टक्का, म्हणजे आणखी 30 हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची अनामत, विजेचं मीटर, खिडक्यांना ग्रिल. तीन लाखांत घर म्हणणाऱ्याच्या हातून प्रत्यक्षात साडेपाच लाख सुटतात, आणि वरचे अडीच लाख येतात कुठून? बहुतेक वेळा सोनं गहाण ठेवून, नाहीतर पतपेढीतून. म्हणजे घराचं कर्ज 90 टक्के, आणि वरच्या खर्चातलाही काही भाग कर्जाचाच.

उत्साही : हा हिशेब तुम्ही माझ्या बाजूने मांडलात. वरखर्च इतका जड आहे म्हणूनच मूळ हिस्सा हलका हवा. शिवाय मर्यादेची पायरी कशी आहे तीही बघा. 30 लाखांच्या कर्जापर्यंत 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जाला 75. आता 33 लाखांचं घर घ्या. 90 टक्के म्हणजे 29 लाख 70 हजार, नियमात बसतं. स्वतःचे 3 लाख 30 हजार. तेच घर साडेसदतीस लाखांचं असेल तर? 90 टक्के धरले तर कर्ज 30 लाखांच्या वर जातं, मग 80 टक्क्यांचा नियम लागतो, आणि साडेसदतीसचे 80 टक्के म्हणजे पुन्हा 30 लाखच. किंमत वाढली साडेचार लाखांनी, कर्ज वाढलं जेमतेम 30 हजारांनी, स्वतःचा हिस्सा झाला साडेसात लाख. मारुती मंदिराजवळच्या आणि कुवारबावच्या घरांत फरक पडतो तो साधारण एवढ्याच किमतीचा. शाळेजवळ, म्हाताऱ्या आईच्या दवाखान्याजवळ राहायचं की हायवेच्या कडेला, हे ती पायरी ठरवते. घेणाऱ्याची पत दोन्ही ठिकाणी तीच असते.

सावध : पायरी अडनिडी आहे, मान्य. पण ती ठेवण्यामागे कारण आहे. घराची किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि तुमचा हिस्सा दहाच टक्के असेल, तर तुमचं त्या घरात काहीच उरत नाही. घर विकूनही कर्ज फिटत नाही. अमेरिकेत 2008 च्या आधी लोकांना शून्य हिश्शावर घरं दिली, तिथे नेमकं हेच झालं.

उत्साही : अमेरिकेचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण या अडचणीवरचा उपायही तिथे जुना आहे. आपल्याच घरची मुलं न्यू जर्सीत, टेक्सासात घरं घेतात. 20 टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा असेल तर बँक त्यांना नाही म्हणत नाही. ती खाजगी मॉर्गेज इन्शुरन्स घ्यायला लावते, त्यांच्या बोलण्यातला पीएमआय. हप्त्याबरोबर थोडे डॉलर जादा भरायचे. कर्जदार बुडाला तर बँकेचं नुकसान विमा कंपनी सोसते. म्हणून बँक पाच-दहा टक्क्यांवरही दार उघडते. मिलवॉकीच्या मॅक्स कार्ल नावाच्या वकिलाने 1957 मध्ये अशी कंपनी काढली, आणि पगारदार कुटुंबांची वर्षानुवर्षांची वाट त्यामुळे कमी झाली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये मॉर्गेज गॅरंटी कंपन्यांचे नियम केले. 2012 मध्ये इंडिया मॉर्गेज गॅरंटी कॉर्पोरेशन उभी राहिली, आणि तिच्यात राष्ट्रीय आवास बँकेचाही वाटा आहे. सोय आहे, पण आपल्या गावात तिचं नाव दहा जणांनाही ठाऊक नाही.

सावध : नाव ठाऊक नसलेल्या गोष्टीचे पैसे मात्र लोक भरत असू शकतात, आणि माझी पहिली हरकत तीच आहे. या गॅरंटीने वाचतं कोण? बँक. पैसे भरतो कोण? बहुधा कर्जदार. आपल्या भागातला माणूस विमा म्हटलं की समजतो, माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना घर राहील. इथे तसं काही नाही. हप्ते थकले, खातं बुडीत गेलं, की कंपनी बँकेला पैसे देते आणि कर्जदार जिथल्या तिथे उभा. कर्ज त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. 1872 च्या करार कायद्यातच आहे की जामीनदाराने पैसे भरले की सावकाराचे हक्क त्याच्याकडे येतात. आधी बँक दारात यायची, आता तिच्या जागी दुसरं कुणी येईल.

उत्साही : जामीनदाराचा विषय निघालाय तर त्यावर थोडं थांबू. रत्नागिरीत कर्ज म्हटलं की अजून पहिला प्रश्न हाच : जामीन कोण राहतंय? पतपेढीला दोन जामीनदार लागतात, एक तरी पगारदार. मग सुरू होते विनवणी. मामाला फोन, शेजारच्या गुरुजींना गळ, ऑफिसातल्या सहकाऱ्याला संकोचाने विचारणं. मुळात सही करणाऱ्याचा त्या घराशी काही संबंध नसतो, पण हप्ते थकले की नोटीस त्याच्याही घरी येते, पगारातून कपात त्याचीही होते. या एका सहीपायी भाऊबंदकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेली घरं कोकणात कमी नाहीत. ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर आपण धोका टाकतो, आणि तोही फुकट. त्यापेक्षा हा धोका पैसे घेऊन, हिशेब करून, हजारो कर्जांवर वाटून घेणारी कंपनी मला जास्त माणुसकीची वाटते. ती मामाला मोकळं करते.

सावध : मामाला मोकळं करते हे खरं आहे, आणि ते लहान काम नाही, हेही मी मान्य करतो. पण मामा सही करण्याआधी काय करायचा ते आठवा. तो विचारायचा, ‘अरे, झेपणार आहे का तुला? एवढं मोठं घर आत्ताच कशाला?’ सही करताना त्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं असायचं, म्हणून तो बोलायचा. बँकही पूर्वी अशीच विचारायची, कारण पैसा तिचा जाणार असायचा. आता बँकेचं नुकसान कंपनी भरणार. मग खोलात जाऊन विचारायची गरज बँकेला कितपत राहील? आणि कंपनी त्या शिक्षिकेला कधी भेटणारही नाही. धोका वाटून घेतल्याने तो कमी होतो असं नाही. कधी कधी त्याच्याकडे बघणारं कुणी राहत नाही. अमेरिकेतल्याच पीएमआय ग्रुप या कंपनीचं काय झालं? घरांचा बाजार कोसळल्यावर दावे इतके आले की 2011 मध्ये तिच्या विमा व्यवसायाचा ताबा नियामकांना घ्यावा लागला. दाव्यांचे निम्मे पैसे रोख आणि बाकीचे पुढे, अशी वेळ आली. मग कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सगळे जण एकदम बुडतात तेव्हा हमी देणाराही त्यांच्याबरोबर बुडतो.

(संवाद क्षणभर थांबवून लिहिणाऱ्याने एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. कर्ज मंजूर होताना टेबलावर तीन वेगवेगळे कागद येऊ शकतात आणि तिन्हींना लोक सरसकट ‘लोनचा विमा’ म्हणतात. एक ही मॉर्गेज गॅरंटी : हप्ते थकले तर बँकेला भरपाई. दुसरा कर्जाशी जोडलेला आयुर्विमा : कर्जदाराचा मृत्यू झाला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं, घर कुटुंबाकडे राहतं. तिसरा घराचा विमा : आग, वादळ, पूर यांत भिंती-छपराचं नुकसान भरून निघतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरं उडवली, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हा उपयोगाचा होता तो हा तिसरा. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक अटींची पॉलिसी त्यासाठीच आणली आहे. सह्या करण्याच्या गडबडीत या तिन्हींतला कुठला कागद आपण घेतला हे मात्र बऱ्याच जणांना सांगता येत नाही.)

उत्साही : मग दोष गॅरंटीचा नाही, न समजावता सह्या घेण्याचा आहे.

सावध : दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, कारण न समजावता विकणं हाच त्या धंद्याचा मोठा भाग झालाय. आयुर्विम्याचंच घ्या. कर्जासोबत तो घेण्याची कायद्याने सक्ती नाही. तरी मंजुरीच्या दिवशी सांगतात, ‘हे घ्यावंच लागतं, काळजी करू नका, खिशातून काही जाणार नाही, लोनमध्येच टाकू.’ समजा एकरकमी प्रीमियम दीड लाख. तो 20 वर्षांच्या कर्जात साडेआठ टक्क्यांनी टाकला तर महिन्याला सुमारे 1,300 रुपये वाढतात, आणि शेवटी दीड लाखाचे 3 लाख 12 हजार होतात. तेवढंच संरक्षण वेगळी टर्म पॉलिसी घेऊन वर्षावर्षाला भरता आलं असतं. गॅरंटीचं शुल्कही असंच कर्जात मिसळलं तर कुणाला कळणार?

उत्साही : आता कळायला हवं. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात एकूण खर्चाचा वार्षिक दर (एपीआर) काढताना बँकेने दुसऱ्यांच्या वतीने वसूल केलेले विम्यासारखे खर्चही धरायचे असतात. तो एक कागद मागून घ्यायचा आणि व्याजाचा दर व वार्षिक दर यांतला फरक बोट ठेवून विचारायचा.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्ही सारखे त्या शिक्षिकेबद्दल बोलता, तिच्याकडे निदान पगारपत्रक आहे. मिरकरवाड्याचा नौकामालक घ्या. जून-जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्याला. ऑगस्टपासून मे अखेरीपर्यंत जे येतं त्यावर वर्ष काढायचं, त्यातूनच डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा वाटा. तसाच आंबा बागायतदार. त्याचा पैसा मार्च ते मे, त्यातला काही वाशीच्या दलालाकडून आधीच उचललेला. दोघांकडे वर्षाकाठी पैसा येतो, बँकेला हवा तसा कागद येत नाही. वडिलोपार्जित घर आहे, पण सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. निम्मे मुंबईला, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. ते घर तारण ठेवता येत नाही. अशा माणसाकडे बँक म्हणते, तुमचं उत्पन्न पक्कं नाही, हिस्सा 30-40 टक्के आणा. मी म्हणतो, इथेच तिसऱ्या कुणी धोक्याचा भाग उचलावा. नाहीतर घराचं कर्ज पगारदारालाच मिळणार आणि बाकी गाव पतपेढीच्या चढ्या व्याजावर राहणार.

सावध : इथे तुम्ही मला गप्प केलंत, पण अर्धंच. पत असूनही कागद नाही, अशा माणसासाठी जामीन ही खरी गरज आहे. पण जून-जुलैची अडचण गॅरंटीने सुटत नाही. बँकेचा हप्ता 12 महिने येतो, नौका दोन महिने बंद असते. तीन महिने हप्ता थकला की खातं अनुत्पादक, मग तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस. त्या माणसाला हवाय हंगामाप्रमाणे येणारा हप्ता. पीककर्जाला ते जमतं, गृहकर्जाला का जमू नये? गॅरंटी बँकेला धीर देईल, हप्त्याचं वेळापत्रक बदलणार नाही. माझी भीती ही की त्याला कर्ज मिळेल, पण मिळेल पगारदाराच्या मापाचं.

उत्साही : म्हणजे गॅरंटी हवी, पण कर्जाच्या रचनेसकट. हे मी लिहून घेतो.

सावध : घ्या. आणि दुसरंही लिहा : ती संपली कधी पाहिजे. तुमच्या शिक्षिकेचं 27 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण 23,400. पहिल्या महिन्यात त्यातले 19 हजारांहून जास्त व्याजातच जातात, मुद्दल फिटतं चार हजार आणि काही. तरी पाच वर्षं पुरी होता होता बाकी पावणेचोवीस-चोवीस लाखांवर येते, म्हणजे मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर. त्यापुढे बँकेचा जादा धोका संपला. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने बाकी 80 टक्क्यांवर आली की कर्जदाराला पीएमआय बंद करायला सांगता येतं, आणि वेळापत्रकाप्रमाणे 78 टक्के झाले की, हप्ते वेळेवर असतील तर, तो आपोआप बंद करावा लागतो. आपल्याकडे कर्जदाराने कोणत्या दिवशी काय बंद करायला सांगायचं? शुल्क एकरकमी आधीच घेतलं असेल तर पाच वर्षांनी परत काय मिळणार? फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला व्यक्तीला दंड नाही, ही सोय रिझर्व्ह बँकेने 2012 पासून बँकांना लावून दिली. तशीच स्पष्ट ओळ या शुल्काबाबत कर्जदाराच्या हातातल्या मंजुरीपत्रावर हवी.

उत्साही : मान्य. एकरकमी नको, चालू असेपर्यंतच घ्यावं, आणि थांबण्याची तारीख छापलेली असावी. पण आता माझा एक प्रश्न, कारण तुमच्या 20 टक्क्यांना तुम्ही अजून हात लावू दिलेला नाही. 20 टक्के ज्याच्याकडे असतात ते त्याने साठवलेलेच असतात का? मी आजूबाजूला बघतो तर कुणाचा भाऊ बोरिवलीतून पाठवतो, कुणाच्या सासऱ्यांचा पीएफ येतो, कुणाची गावची जमीन विकली जाते. ज्याच्या मागे असं कुणी नाही ती मुलगी कितीही शिस्तीची असली तरी तिच्याकडे दहाच असणार. बँक 20 टक्क्यांना शिस्तीचं प्रमाणपत्र समजते, आणि अनेकदा ते नातेवाइकांचं प्रमाणपत्र असतं.

सावध : असतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की नातेवाइकांकडून आलेला पैसाही घर सावरतो. किंमत पडली तर तो आधी झळ सोसतो.

उत्साही : आणि आजारपण आलं तर? समजा शिक्षिकेकडे सगळा वरखर्च भागवून सहा लाख आहेत. तुमच्या सल्ल्याने सहाही घरात घातले. हप्ता झाला 20,800. माझ्या सल्ल्याने तीन घातले, तीन बँकेत मुदत ठेवीला. हप्ता 23,400, म्हणजे 2,600 जादा, 20 वर्षांत सव्वातीन लाख व्याज जादा, वर गॅरंटीचं शुल्क. महाग आहे, कबूल. पण चौथ्या वर्षी आईचं ऑपरेशन निघालं तर माझी शिक्षिका ठेव मोडेल. तुमची शिक्षिका भिंतीतले तीन लाख कसे काढणार? पुन्हा बँकेत जाऊन टॉप-अप मागणार, नाहीतर सोनं घेऊन पतपेढीत. हप्ता थकतो तो घराची किंमत उतरली म्हणून नाही, घरात अचानक खर्च उभा राहिला म्हणून.

सावध : तुमचे तीन लाख चौथ्या वर्षापर्यंत ठेवीत राहिले तर. आपल्याकडे हाताशी असलेला पैसा राहत नाही. धाकट्याचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, पुतण्याची इंजिनिअरिंगची फी. ठेव आहे हे एकदा कळलं की नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये असंच आपल्याला शिकवलंय. भिंतीत घातलेला पैसा निदान कुणी उसना मागत नाही.

उत्साही : मग तुम्ही तिला बँकेपासून वाचवताय की नातेवाइकांपासून?

सावध : दोघांपासून. आणि मला ठाऊक आहे की त्याच नातेवाइकांपैकी कुणीतरी ऑपरेशनच्या वेळी धावून येणार आहे. म्हणून मी 20 टक्के भराच असं आता म्हणत नाही. तिने कर्जाच्या अर्जाआधी एवढं कागदावर मांडावं : दहा आणि वीसच्या मधले तीन लाख माझ्याकडे आहेत का, असले तर माझ्या नावावर कुठे राहतील, आणि ते कुणाच्या मागण्यावरून मी मोडीन. ते तीन लाख मुळात नसतीलच, तर तुमची गॅरंटी तिला घर देईल. पण पहिल्या आजारपणाला तिच्याकडे घरही अडकलेलं असेल आणि ठेवही नसेल.

उत्साही : आणि ते नाहीत म्हणून ती थांबली, तर भाड्यात ते कधीच होणार नाहीत.

सावध : हो. तेही खरं आहे.